डिकीखालची कळ

३ ऑगस्ट
नमुना तयार. लाल गाडी, चार चाकं, तळहातावर मावते. छपरावरची कळ दाबली की छप्पर उघडतं, पाय खाली, डोकं वर, रोबो उभा. एकच कळ. तीन वर्षांच्या पोरालाही जमेल. एकोणतीस वर्षं या गल्लीत खेळणी काढतोय, इतकं साधं कधी सुचलं नव्हतं. साधं सुचायला अक्कल लागते.

मान्चीला दाखवलं. (मुलगी. कारखाना आता ती बघते. म्हणजे मी बघू देतो.) कौतुक शून्य. म्हणाली, बाबा, मशीन एकच आहे आणि ते एक तारखेला रिकामं होतंय. त्यावर साबणाचे फुगे उडवायच्या कांड्या काढायच्या की तुमचा रोबो, ते आत्ताच ठरवू. गाडी समोरच्या छोट्या थोंगथोंगला द्या. न शिकवता तिनं रोबो करून दाखवला तर मशीन तुमचं.

माझ्या मशीनवर कांड्या. बघतोच.

४ ऑगस्ट
थोंगथोंगला देणं अशक्य. पोरगी गोड आहे, पण त्सायची नात आहे. त्साय समोर प्लास्टिकचे डायनासोर काढतो. आमच्या गल्लीत चांगला माल या सोमवारी दिसला की पुढच्या सोमवारी पाच दुकानांत असतो. माझा उड्या मारणारा बेडूक असाच गेला. (तो मला दुसऱ्या एका बेडकावरून सुचला होता, पण ते वेगळं. सुचणं आणि चोरणं यात फरक आहे.)
निश्चय: महिनाअखेरपर्यंत कोणाला काही दाखवायचं नाही.

५ ऑगस्ट, सकाळी ९
अडचण एकच: चहा. तबक दारातच. इवलेसे तीन कप. येईल तो बसतो, चौथा आला की पहिल्याचा कप गरम पाण्यानं धुऊन त्याच्यापुढे. त्साय दहाला बसतो तो बाराला उठतो. तिथून माझं अख्खं टेबल दिसतं.
निश्चय: चहा बंद. तबक उचललं.

६ ऑगस्ट
भलतंच झालं. आमच्याकडे धुगधुगी असेपर्यंत माणूस दारातलं तबक उचलत नाही, हे विसरलो. अकरापर्यंत सात जण थेट आत शिरले. साचेवाला संत्री घेऊन आला. खोकी बनवणारी बाई मान्चीला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारत होती, डॉक्टर किती दिवस म्हणतात? त्साय सगळ्यांत जास्त वेळ बसला, माझ्या पलंगावर, उशीला टेकून. नमुना उशीखाली. म्हणाला, ज्वांगशेठ, रंग तर बरा दिसतोय, मग घाम का फुटलाय?
चहा पुन्हा सुरू.

९ ऑगस्ट
सुधारणा. कळ छपरावर होती, पिवळीधमक. कोणीही दाबली असती. (मान्ची म्हणते, हाच तर तिचा गुण. मान्चीला बंदोबस्तातलं काही कळत नाही.) आता कळ डिकीखाली, नंबरप्लेटच्या मागे, लालात लाल. कोणाच्या बापाला सापडायची नाही.

१० ऑगस्ट
स्वतः चाचणी घेतली. कळ सापडायला चार मिनिटं. समाधानकारक.

१६ ऑगस्ट
मान्चीनं विचारलं, थोंगथोंगला दिली का? योग्य वेळी देईन म्हटलं. म्हणाली, कांड्यांचा साचा आलाय. येऊ दे.
लोया देवाच्या देवळात जाऊन तांदळाच्या लाल करंज्या ठेवल्या, नवस बोललो. खेळणं कोणतं ते देवाला सांगितलं नाही. त्साय शेजारीच हात जोडून उभा होता.

२२ ऑगस्ट
त्साय डोकावतही नाही. रोज दोन तास बसतो आणि नातीच्या खोकल्याचं सांगतो. आज मुद्दाम गाडी टेबलावर ठेवून वर रुमाल टाकला. चांगला उंचवटा दिसत होता. त्यानं रुमाल उचलला, कप पुसला, रुमाल होता तसा परत टाकला. खोकल्याचं पुढे चालू.
एकोणतीस वर्षांत इतका अपमान कोणी केला नव्हता.

२५ ऑगस्ट
नवा डाव. गाडी तबकाशेजारी, उघड्यावर. दहाला त्साय आला, बरोबर थोंगथोंग. मी पाणी आणायला म्हणून आत गेलो. पाणी आणायला बराच वेळ लावला. बाहेर आलो तर दोघं नाहीत. गाडीही नाही.
चोरली. अखेर चोरली. दुपारी दोन वाट्या भात जास्त गेला. मान्चीला म्हटलं, आता बघ.

२७ ऑगस्ट
त्सायच्या मशीनचा आवाज बदललाय. मान्ची म्हणते, काही बदललेला नाही. तिला कान नाहीत.

२९ ऑगस्ट, दुपार
त्साय आला. एका हातात नात, दुसऱ्या हातात गाडी. माफी मागायला लागला. पोरीनं न विचारता उचलली, म्हणाला, आणि द्यायलाच तयार नव्हती, चार दिवस जेवताना हातात, झोपताना कुशीत. मान्ची समोरच होती. तिनं विचारलं, काका, ही गाडी काही करते का? त्साय म्हणाला, गाडी काय करणार, पळते की. जरा जड आहे एवढंच.

चार दिवस अख्ख्या घराला कळ सापडली नाही. बंदोबस्त म्हणतात तो हा. मी मान्चीकडे विजयानं बघितलं. ती माझ्याकडे तिची आई बघायची तशी बघत होती.

मग मीच दाबली. खटकन रोबो उभा. थोंगथोंगनं बघितलं, ओठ काढले आणि भोकाड पसरलं. ज्वांग आजोबांनी गाडी मोडली म्हणून. तिसरा कप ओतून झाला तरी थांबेना. त्साय म्हणाला, काय ज्वांगशेठ, एवढ्याशा पोरीला कशाला रडवता. परत गाडी केली तेव्हा हुंदके थांबले. मग तिनं गाडी माझ्यापासून लांब धरली.

वही माझीच आहे म्हणून लिहितो: फार वाईट वाटलं.
तरी एका पोरीवरून माल ठरवणं शास्त्रीय नाही.

१ सप्टेंबर
मशीन सुरू. कांड्या नाहीत, हा माझा विजय. मान्ची म्हणाली, चार दिवस पोरीनं गाडी सोडली नाही हे काही खोटं नाही, तेव्हा गाडीच काढू. फक्त आतला माणूस काढा बाबा, हलकी होईल. काढला. पहिली गाडी थोंगथोंगला दिली. तिनं आधी उलटी करून नीट तपासली, मग घेतली.

त्साय येऊन गेला. म्हणाला, अशीच एक निळी मी काढली तर चालेल का? सरळ विचारून. या गल्लीत असं कोणी कोणाला विचारत नाही. मी त्याला पहिल्या धारेचा चहा दिला आणि विचार करून सांगतो म्हटलं.

रोबो टेबलाच्या खणात, कुलपात. किल्ली माझ्याकडे. बघायला मागितला तरी कोणाला दाखवणार नाही. अजून कोणी मागितलेला नाही.