ऐकणारा कप्तान

२ मार्च, सोमवार, सकाळी ७.१५
काल साडूंकडे जेवण. जेवण बरं होतं. गप्पा जुन्या मालिकांवर घसरल्या. मी जेवत होतो.
आमची ही चारचौघांत चार शब्दांच्या वर जात नाही. शाळेत भूगोल शिकवते, घरात भिंतीवरच्या नकाशासारखी गप्प. काल मात्र एका मालिकेवर सलग वीस मिनिटं बोलली. मालिकेचं नाव हिलाही आठवत नाही. ही कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना दर गुरुवारी लागायची. नायक बोटीवरचा कप्तान. नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेतो. घरी आला की टोपी काढायची, बायकोसमोर खुर्ची ओढून बसायचं आणि म्हणायचं, बोल. मग ती बोलणार, हा ऐकणार. संपलं. ही म्हणे मालिका!
वर हिने सांगितलं, असं ऐकणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.
सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, कोण माणूस? सगळे हसले. का हसले ते कळलं नाही. घरी येताना हीसुद्धा हसत होती, पण खिडकीबाहेर बघून.

३ मार्च
मत्सर वगैरे काही नाही. मी चोपन्न वर्षांचा, एकवीस वर्षं स्वतःचं चष्म्याचं दुकान चालवणारा माणूस. पडद्यावरच्या टोपीवाल्याचा मत्सर करायला मला वेळ कुठाय?
तरीही निश्चय केला: मालिका शोधायची आणि हिला भेट म्हणून दाखवायची. तरुणपणी डोंगराएवढी वाटलेली वस्तू पन्नाशीत ढेकळाएवढी दिसते. हा दृष्टीचा नियम आहे, आणि दृष्टी हाच आपला धंदा.
मुदत: रविवार.

८ मार्च, रविवार
सापडली नाही. नेट स्लो होतं.
कन्येला कामाला लावलं. तिचं म्हणणं, बाबा, नाव नाही, साल नाही, नटाचं नाव नाही; बोट, कप्तान आणि ऐकतो एवढंच टाकलं तर नुसत्या श्रवणयंत्रांच्या जाहिराती येतायत. आजकालच्या मुलांना चिकाटी नाही. मी स्वतः बसलो. मलाही श्रवणयंत्रांच्याच जाहिराती आल्या. आता कुठलीही साइट उघडली तरी येतात.
सुधारित मुदत: पुढचा रविवार.

११ मार्च
एक किरकोळ गोष्ट घडली. नोंद करून ठेवतो.
ही वह्या तपासत होती. सहज म्हणाली, त्या मालिकेचा शेवटचा भाग माझा राहिलाच. त्याच आठवड्यात तिच्या वडिलांची बदली झाली होती, टीव्ही खोक्यात गेला होता. शेवटी त्या दोघांचं काय झालं कुणास ठाऊक. मी सांगून टाकलं, मी पाहिलाय शेवटचा भाग.
ती उठून माझ्याजवळ येऊन बसली. गेल्या कित्येक वर्षांत इतक्या जवळ बसली नसेल. विचारायला लागली, काय होतं सांगा ना. आता मी काय सांगणार? म्हटलं, मरतो तो. बोट बुडते.
तोंडातून गेलं. पण सांगताना बरं वाटलं, हे खोटं कशाला लिहू.

१३ मार्च
ही दोन दिवस गप्प आहे. म्हणजे नेहमीसारखी नाही, वेगळी गप्प. आज भांडी पुसताना म्हणाली, पोहता येत असेल ना हो त्याला? मी म्हटलं, वादळ होतं.
न पाहिलेल्या माणसाचं सुतक पाळतेय! उद्या मी बुडालो तर एवढी चौकशी करेल का?

१५ मार्च, रविवार
साडूंचा फोन. हिने ताईला सांगितलं, ताईने साडूंना. साडू म्हणतात, अरे, कोण म्हणतं तो मेला? मी पाहिलीय ती मालिका. बोटबिट काही बुडत नाही. मग त्यांनी मालिकेच्या सुरुवातीची धून फोनवर गुणगुणून दाखवली. फोन स्पीकरवर होता. हिने स्वयंपाकघरातून पुढची ओळ उचलली. दोघांनी मिळून पुरी केली.
साडू वीज खात्यातून रिटायर झालेत. तेव्हापासून त्यांना सगळं येतं. गाणं येतं, बागकाम येतं, पाठदुखीवरचे व्यायाम येतात. आता धूनही येते.
तेही मालिका शोधणार आहेत म्हणे. शेवट काय तो पाहूनच ठरवू, असं माझ्याच घरात, माझ्याच स्पीकरवरून जाहीर केलं.
शोधा. आनंद आहे. पण पहिली मला सापडणार. आणि तो मरणार.

१९ मार्च
एक छोटा प्रयोग. मनात आणलं तर मीही ऐकू शकतो. त्यात काय मोठं शास्त्र?
दुकानातून आलो. हिच्यासमोर खुर्ची ओढली, बसलो, म्हटलं, बोल.
हिने पेन खाली ठेवलं. विचारलं, काय झालं? रिपोर्ट आला का काही? म्हटलं, कसला रिपोर्ट, तू बोल. तिने कपाळाला हात लावून पाहिला. मग म्हणाली, चाळीस वह्या राहिल्यात, तुम्हाला भूक लागली असेल तर स्पष्ट सांगा.
भूक लागली होती. सांगितलं.
निष्कर्ष: ऐकणाऱ्याचा दोष नाही. बोलणारीकडे विषयच नसतो.

२७ मार्च
टीव्ही केंद्राच्या टेप लायब्ररीत गेलो. अर्धा दिवस दुकान फिटरबाईंवर सोडलं. या बाई माझ्याकडे चौदा वर्षं काचा घासून फ्रेममध्ये बसवतात. बोलत नाहीत, नुसतं बघतात.
लायब्ररीतल्या क्लार्कने फॉर्म दिला. कार्यक्रमाचं नाव: माहीत नाही. साल: अंदाजे. वर्णन: बोटीवरचा कप्तान, बायकोचं ऐकतो. कारण: इथे मी ‘संशोधन’ लिहिलं. क्लार्कने फॉर्म वाचला आणि विचारलं, मिसेसना आवडायची का? मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? तो म्हणाला, मागच्याच आठवड्यात एक रिटायर्ड गृहस्थ याच मालिकेसाठी आले होते. त्यांनीही ‘संशोधन’च लिहिलंय.
साडू!!
शिवाय त्या काळच्या बऱ्याच टेपा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. कप्तानावर बहुतेक शेतीविषयक चर्चा घेतली असेल, असं क्लार्क म्हणाला. क्षणभर फार शांत वाटलं.

६ एप्रिल
कन्येच्या सल्ल्याने जुन्या मालिकांच्या एका ग्रुपवर पोस्ट टाकली. बावन्न उत्तरं आली. त्यातली एकोणपन्नास बायकांची. हाय, तो कप्तान! तसं ऐकणं आता कुठे! आमच्याकडे तर रिमोटसुद्धा माझ्यापेक्षा जास्त ऐकतो! एकीने लिहिलंय, त्याच्यामुळे मी एक स्थळ नाकारलं होतं.
एका माणसाने एवढ्या बायकांचं ऐकलं असेल तर त्याला दुसरं काम नव्हतं हे उघड आहे. बोट कोण चालवत होतं?
ग्रुप सोडणार होतो. सोडला नाही. दर दहा मिनिटांनी बघतो, ते केवळ माहितीसाठी.

१४ एप्रिल
मिळाला! माणूस मिळाला! ग्रुपवर एका गृहस्थाने खासगी मेसेज केला. त्या मालिकेचे ध्वनिमुद्रक. म्हणजे ज्यांनी प्रत्यक्ष आवाज टिपला ते. वय एकोणऐंशी. शेवटच्या भागाची कॅसेट घरी आहे.
साडूंना कळू द्यायचं नाही. घरात सांगितलं की लेन्सच्या डीलरकडे जातोय. खोटं नाही. मी कुठेही गेलो तरी एक प्रकारे डीलरकडेच जात असतो.

१९ एप्रिल, रविवार
अडीच तास बस. तिसरा मजला, लिफ्ट नाही. ध्वनिमुद्रक उत्साही आहेत, पण चष्मा भयंकर. एक काच तडकलेली, दांडीला दोरा. तिथेच त्यांचा नंबर तपासला. चष्मा करून पाठवीन म्हटलं. खूश होऊन त्यांनी कॅसेट काढली.
आणि मग ते जे बोलले त्याने माझं आयुष्य उजळलं. मी सहज विचारलं होतं की तो नट खरोखरच इतकं मन लावून ऐकायचा का. ते हसायलाच लागले. म्हणाले, अहो, त्याचा डावा कान पूर्ण गेलेला आणि उजवा अर्धा. समोरचीचं वाक्य कधी संपतंय ते कळेना, म्हणून बिचारा तिच्या ओठांकडे टक लावून बघायचा. त्यालाच लोक प्रेम समजले.
बहिरा! बावन्न उत्तरं, एकोणपन्नास बायका, आणि माणूस बहिरा!
परतीच्या बसमध्ये उभं राहावं लागलं. जाणवलंच नाही.

२० एप्रिल
अडचण. कॅसेट आहे, व्हीसीआर नाही. गावभर फोन केले. दुरुस्तीवाला म्हणाला, साहेब, तो भंगारात पण कोणी घेत नाही आता.
चालू व्हीसीआर एकाच माणसाकडे आहे. दर महिन्याला त्याचं हेड स्वतः साफ करतो.
साडू.

२२ एप्रिल
फोन केला. साडू म्हणाले, शाब्बास, म्हणजे आपल्याला सापडली. ‘आपल्याला’! रविवारी सगळ्यांनी यायचं ठरलं. हिने चार दिवस आधीच साडी काढून ठेवलीय. कॅसेट बघायला साडी!
बहिरेपणाचं अस्त्र राखून ठेवलंय. कॅसेट सुरू व्हायच्या आधी सोडायचं.

२६ एप्रिल, रविवार, संध्याकाळी ६.४०
साडूंकडून नुकतेच आलो. घडलं ते क्रमाने लिहितो.
सगळे बसले. मी उभा राहून अस्त्र सोडलं: मंडळी, हा नट बहिरा होता. मग ताई म्हणाल्या, अगं बाई, बिचारा. साडू म्हणाले, आणि तरी इतकं काम केलं, मानलं पाहिजे. हिचे डोळे भरून आले. म्हणाली, ऐकू येत नसताना ऐकत होता तो.
मी खाली बसलो.
कॅसेट सुरू झाली. चित्राला लाटा येत होत्या, पण दिसत होतं. दिसायला साधाच माणूस. कान मोठे. टोपी काढली, खुर्ची ओढली, म्हणाला, बोल. ती बोलायला लागली. छताला गळती आहे, भावाचं पत्र आलंय, तिला शिवणाच्या वर्गात नोकरी मिळतेय, जाऊ का? तो बघतोय. म्हणाला, हं. ती म्हणाली, परवाही हेच विचारलं होतं. तो म्हणाला, हं. पूर्ण भागात अकरा वेळा हं. आमच्या हिने बोटांवर मोजले.
शेवटी ती बाई बॅग उचलते. म्हणते, तुम्ही सगळं ऐकता आणि दुसऱ्या दिवशी मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. आणि जाते. तो म्हणतो, हं. संपलं.
बोट बुडली नाही. पण त्याबद्दल मला कोणी काही विचारलंच नाही.
मग ही हळूच म्हणाली, मला वाटलं होतं तसा नाहीये हा. हा तर अगदी यांच्यासारखा आहे.
म्हणजे माझ्यासारखा! साडूंसमोर!

२७ एप्रिल, सोमवार, सकाळी
रात्री उत्तम झोप. सत्तावीस वर्षांच्या संसारानंतर बायकोने आपल्या तरुणपणीच्या नायकाशी नवऱ्याची तुलना करावी, आणि तीही सगळ्यांदेखत, यापेक्षा माणसाला काय हवं? साडूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.
आता कुणाबद्दल मनात काही नाही. कप्तान चांगला नट होता, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. ग्रुपवर तसं लिहिलंही. ही मघापासून काहीतरी सांगत होती, सुट्टीबद्दल बहुतेक. ऐकलं.

२९ एप्रिल
फिटरबाईंना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी काच घासणं थांबवलं नाही. एवढंच विचारलं, शेवटी बायको कुठे जाते त्याची? म्हटलं, ते दाखवलेलं नाही. त्या म्हणाल्या, बरं. मग काच उजेडात धरून बराच वेळ बघत राहिल्या. माझ्याकडे, काचेतून.
बाईंना कलेतलं काही कळत नाही.

३० एप्रिल, संध्याकाळी ७.३०
घरी आलो तर कुलूप. कन्येला फोन केला. ती म्हणाली, बाबा, आई मावशीकडे गेलीय, शाळेला सुट्टी लागली ना. महिनाभर राहणार आहे. तिने तुम्हाला सोमवारी सांगितलं, काल पुन्हा सांगितलं, आज सकाळी बॅग घेऊन तुमच्यासमोर उभं राहून सांगितलं. तुम्ही हं म्हणालात.
मला आठवत नाही. बॅग आठवते. धुवायला चाललीय असं वाटलं होतं.
साडूंकडे फोन लावला. साडूंनीच उचलला. हळू आवाजात म्हणाले, थांब जरा, ती काहीतरी सांगतेय, तिचं पूर्ण होऊ दे.
त्यांनी फोन बाजूला ठेवला. बंद केला नाही. लांबून हिचा आवाज येत होता. शब्द एकही कळत नव्हता. मधे ती हसली. मग पुन्हा बोलायला लागली.
नऊ मिनिटं ऐकलं. मग बॅटरी संपली.