डॅशबोर्डमागची साडी

बाबा, तुमच्या जुन्या पांढऱ्या गाडीत मी नवा स्टीरिओ बसवला, आणि तो तापून बंद पडायला लागला. या म्हाताऱ्या गाडीला आता हे थेर कशाला, असं तुम्ही म्हणाला असतात. तुम्ही गेल्यावर सगळ्यांनी ती विकायला सांगितली होती. मी विकली नाही, म्हणून लोक मला हळवा समजतात. खरं कारण आई आहे. हल्ली तिला दुसऱ्या कुठल्याच गाडीत बसवत नाही. बिचकते, दाराची कडी चाचपत राहते. या गाडीत मात्र हक्काने पुढे बसते, पदर सावरते आणि विचारते, "हे आले नाहीत अजून?"

तुम्ही गेलात हे तिला आठवत नाही, बाबा. पहिल्यांदा तिने विचारलं तेव्हा मी शहाणपणा करून खरं सांगून टाकलं. तुकोगंजातल्या डॉक्टरांच्या दारात ती अशी रडली, जणू बातमी आत्ताच आली. तिच्यासाठी ती आत्ताच आली होती. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. बाईने एकदाच विधवा व्हावं हो, दर आठवड्याला नाही. मग माझ्या लक्षात आलं, की गाडीत गाणी लागली की ती काही विचारत नाही. काचेवर बोटांनी ठेका धरून बसते. म्हणून स्टीरिओ घेतला. हौस नव्हती.

घरून निघताना तो छान वाजायचा. पलासिया येईपर्यंत असा तापायचा की वर बोट ठेववत नसे, आणि मग मध्येच गप्प. तो गप्प झाला की आईचा प्रश्न आलाच. मी सिग्नलला उभा राहून पुठ्ठ्याने त्याला वारा घालायचो आणि बाजूचे स्कूटरवाले माझ्याकडे बघत राहायचे. दुकानदाराने आधी फ्यूज बदलला, मग जाड वायर टाकली, मग अर्थिंगची वायर दुसरीकडे जोडली. आवाज कमी ठेवा म्हणाला, तेही केलं. पण ये रे माझ्या मागल्या! बसवताना त्याने जुना काढून नवा तसाच आत सरकवला होता, आत कुणी हात घातलाच नव्हता. शेवटी वैतागून त्याने स्टीरिओ बाहेर ओढला, टॉर्च मारली आणि हसायलाच लागला. "भिया, पीछे तो पूरी साड़ी ठूँस रखी है! इसको हवा कहाँ से मिलेगी?"

आईची चिकूरंगी सुती साडी. तुकडे करून, गुंडाळून, सुतळीने बांधून कोपऱ्याकोपऱ्यात कोंबलेली. गाठी बघूनच कळलं, हे काम तुमचं.

आठवतं, बाबा? आपण देपालपूरहून लग्न आटोपून परत येतोय. डॅशबोर्ड खडखडतोय आणि आई कानावर हात ठेवून म्हणते, "अहो, ही खडखड आधी बंद करा, माझं तर दिमाग फिरलंय." तुम्ही म्हणता, "उद्या बघतो." मागच्या सीटवर मी हसतो, कारण तुमचा उद्या कधी उजाडत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक. तर तो उजाडला होता! खडखड थांबली ती तुम्ही तिचीच साडी फाडून थांबवलीत, आणि बोलणी नकोत म्हणून चकार शब्द काढला नाहीत. तिने ती साडी किती शोधली. स्वतःच्या धाकट्या बहिणीनेच लांबवली म्हणून कितीतरी दिवस तिच्याशी अबोला धरला. तुम्ही तेव्हाही वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेले. धन्य आहे तुमची.

साडी निघाली. स्टीरिओ थंड राहायला लागला आणि खडखड परत आली. त्या आठवड्यात आईला घेऊन निघालो, गाणं लावायच्या आतच गाडी खड्ड्यात आपटली, डॅशबोर्ड वाजला, आणि आई कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे वळली. "अहो, कितनी बार सांगितलं, ही खडखड ठीक करून घ्या म्हणून!" माझ्या तोंडून निघून गेलं, "उद्या बघतो." ती "हं" म्हणाली आणि निवांत टेकून बसली. त्या दिवशी हे कुठे आहेत, असं तिने विचारलं नाही.

तेव्हापासून स्टीरिओ बंदच असतो. दुकानदार भेटला की विचारतो, "अब तो गरम नहीं होता ना, भिया?" मी नाही म्हणतो. तुमच्यासारखा एक कोपर खिडकीवर टाकून गाडी चालवायला लागलोय. ती तुम्हाला रागावते, आत्याची गाऱ्हाणी सांगते, मध्येच लाजतेसुद्धा, आणि मी समोर बघत हं हं करत राहतो. मला बरं वाटतं, आणि फार वाईटही वाटतं, कारण त्या रस्त्याभर तिला नवरा असतो पण मला आई नसते.

हे पत्र टाकायचं कुठे? लिहून झालं की फाडणार आहे, तिच्या हाती लागायला नको. काल परत येताना तिने हळूच विचारलं, "अहो, पोरगा जेवला असेल ना?"

"जेवला असेल," मी म्हणालो.

जेवलो नव्हतो, बाबा.