गाठोडं आधी पोचलं

॥ श्री ॥
लातूर, माघ शु. ५, शके १८६७

चि. सौ. सौदामिनीस रेणुकादासाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र आईला दोनदा वाचून दाखवले. ती म्हणाली, पत्रात सगळ्या गावाची खबर आहे, हिच्या येण्याची तेवढी नाही. शिवरात्रीला तुला आठवा लागतो. आठव्यात लेकीने गावची शीव ओलांडायची नसते, हे काय तुझ्या सासूबाईंना, कस्तुराबाईंना, आपण सांगायचे? पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे तर शिवरात्रीच्या आत तू इथे पाहिजेस.

कशाने यायचे ते जावईबापू माधवराव आणि तुझे मामंजी किशनराव मिळून ठरवोत. आपल्या गावात रेल्वे आहे, पण ती जाते बार्शीकडे. तुमच्या नांदेडकडून येणारी गाडी लातूर रोडला थांबते आणि लातूर रोड म्हणजे लातूर नव्हे. या दोन रेल्वेंची आपसांत बोलचाल नाही. मी स्वतः आणायला आलो असतो, पण गंजबाजारात तुरीची आवक लागली आहे आणि रजेचे नाव काढले की आमचे अडत्ये बहिरे होतात. तू निरोप दे, मी स्टेशनावर काय मिळेल ती गाडी घेऊन उभा राहतो.

आईने डिंक, खारीक, बाळंतशेपा आणून ठेवल्या, खोलीला चुना दिला. तूच जा नांदेडला, असे मी तिला म्हणून पाहिले. ज्या गाडीपुढे बैलाची पाठ दिसत नाही तिच्यात मी या जन्मी बसायची नाही, असे उत्तर मिळाले. मुरुडच्या पलीकडे ती गेली आहे कधी? वडील मंडळींस नमस्कार. आमच्यावरचा जीव असाच राहू दे.

तुझा दादा,
रेणुकादास


॥ श्री ॥
नांदेड, माघ शु. ९

तीर्थरूप दादास सौदामिनीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र आलं आणि आमच्या घरात दोन पक्ष पडले. मामंजी रेल्वेचे. परभणीला एकदा बदलायची, परळीला पुन्हा बदलायची, पण रुळाला खड्डा नसतो, असं त्यांचं म्हणणं. हे सर्व्हिस मोटारीचे. सकाळी बसलं की त्याच दिवशी लातूर, असं सांगून राहिलेत. पण पेट्रोल मिळत नाही म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधलेली असते आणि चढ लागला की उतारूंनी उतरून ढकलायचं. शेजारच्या पार्वतम्मा म्हणाल्या की लई हादरे बसतात, लेकरू वाटेत अहमदपुरातच व्हायचं.

तिसरे आप्पासाहेब, यांचे देवणीचे मावसभाऊ. त्यांनी आपली खासगी मोटार देऊ केली आहे. गेल्या महिन्यात ती वाटेत बसली तेव्हा बैल जुंपून ओढत आणली होती. आप्पासाहेबांना त्याची लाज नाही, उलट अभिमान आहे, कारण बैल त्यांच्या गावच्या देवणी जातीचे होते. आणि मामंजींचे एक स्नेही हैदराबादेहून आलेत, ते सांगतात विमानानं न्या, पेल्यातलं पाणी हलत नाही. विमान नांदेडला येत नाही आणि लातूरला उतरत नाही, एवढ्या बारीक गोष्टीकडे त्यांचं लक्ष नाही.

यावर सासूबाईंचा दिशाशूल. मोटार दक्षिणेला जाते म्हणून गुरुवार बाद. रेल्वे आधी पश्चिमेला निघते म्हणून शुक्रवार आणि रविवार बाद. वाहन ठरेना म्हणून दिशा ठरेना आणि दिशा ठरेना म्हणून वार ठरेना. माझं डोकं भणभणून गेलं आहे.

दादा, सासूबाईंना हसू नकोस. तुला ठाऊक आहे, थोरल्या जाऊबाई, प्रेमलावहिनी, दोन वर्षांमागं बाळंतपणाला माहेरी गेल्या त्या परत आल्या नाहीत. त्यांना बुधवारी धाडलं होतं. जाशील बुधी तर येशील कधी, हे सासूबाईंनी तेव्हा मनावर घेतलं नव्हतं, आता ते त्यांच्या मनातून निघत नाही. त्यांची भीती मला कळते. पण मलाही भीती वाटते आणि माझी भीती फक्त आईजवळ गेल्यानं जाईल. हे आईला वाचून दाखवू नकोस. सर्वांना नमस्कार. तुझी आठवण रोज निघते, तूही आमची काढत जा.

तुझी,
सौदामिनी


॥ श्री ॥
लातूर, माघ शु. १३

चि. सौ. सौदामिनीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

एकाच डाकेने तीन पत्रे आली. किशनराव लिहितात, रेल्वे नक्की. माधवराव लिहितात, मोटार नक्की. तुझ्या पत्रात विमान आहे. मी उभा कुठे राहू? लातूर रोडला, की मोटारअड्ड्यावर, की गच्चीवर जाऊन वर बघत?

आईला तुझे पत्र वाचताना शेवटचा मजकूर गाळला, पण मी मध्येच अडखळलो आणि तिने ओळखले. मग तिने गाळलेलेच आधी वाचायला लावले. चुना दिलेल्या खोलीला तिने पुन्हा चुना दिला.

हात जोडून सांगतो, एक काहीतरी ठरवा. वाईट ठरले तरी चालेल, पण एकच ठरवा. तुझ्या सासूबाईंना आईचा निरोप आहे की लेक तुमचीच आहे, सांभाळून धाडा. घरातल्या सर्वांना यथायोग्य. रागावलो असलो तरी माया तेवढीच आहे.

तुझा,
रेणुकादास


॥ श्री ॥
नांदेड, माघ व. २

तीर्थरूप दादास शि. सा. नमस्कार, वि. वि.

अखेर मी निघाले. म्हणजे मी घरातच आहे, पण माझं प्रस्थान निघालं. दिवस चांगला होता आणि तयारी नव्हती, म्हणून सासूबाईंनी माझं हिरवं लुगडं, त्यात तांदूळ, हळकुंड आणि सुपारी असं गाठोडं बांधून दक्षिणेच्या शेजारी, पार्वतम्मांकडे, नेऊन ठेवलं. म्हणजे मुहूर्त साधला, आता माणूस मागून सवडीनं गेलं तरी चालतं. माझ्या जिवाला एवढं बरं वाटलं की मी दोन घास जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी मामंजींच्या ध्यानात आलं की रेल्वे पश्चिमेला निघते, मग प्रस्थान दक्षिणेला कसं? गाठोडं उचलून पश्चिमेच्या शेषेरावांकडे गेलं. मग यांनी मोटारीच्या जागा धरल्या आणि गाठोडं परत पार्वतम्मांकडे आलं. आम्ही सगळेच चक्रावलो, पण पार्वतम्मा आमच्याहून जास्त. प्रस्थान असं घरोघरी हिंडवलं तर बाधतं, असं त्या म्हणून राहिल्यात, तेव्हा ते आता त्यांच्याकडेच आहे.

आता मात्र रेल्वेच ठरली आहे. पुढच्या आठवड्यात, व. १०ला, मंगळवारी निघू, बुधवारी तू लातूर रोडला ये. बुधवारी निघायचं नाही, नुसतं पोचायचं आहे, म्हणून सासूबाई कशाबशा कबूल झाल्या. यानंतर शिवरात्रीच्या आत दुसरा दिवस नाही. आईला सांग, मी येतेच. तुमच्या पायांशी येऊनच पुढचा नमस्कार करीन.

तुझी,
सौदामिनी


॥ श्री ॥
लातूर, माघ व. ११, बुधवार

चि. सौ. सौदामिनीस,

तू कुठे आहेस? तू कशी आहेस? पत्र मिळताच तार करा.

मी सकाळपासून लातूर रोडला उभा होतो. गाडी आली, तू नव्हतीस. वाटले, तुम्ही पुन्हा मोटार केली असेल. मोटारअड्ड्यावर आलो, तिथेही नाही. घरी आलो तर दाराला कुलूप. किल्ली शेजारच्या महादेवींकडे, आणि त्यांनी सांगितले ते असे.

पार्वतम्मांचा भाऊ वीरभद्र कालच्या मोटारीने गंजात गूळ विकायला आला आहे. पार्वतम्मांनी विचार केला म्हणे, की प्रस्थानाचे दिवस संपत आले, माणूस निघेना, निदान गाठोडे तरी गावाला पोचले म्हणजे मुहूर्त मोडणार नाही. त्यांनी ते भावाबरोबर धाडले. हे त्याने मला नंतर गंजात एका तेलुगू व्यापाऱ्याकरवी सांगितले. आईला मात्र त्याने काहीच सांगितले नाही. त्याला तेलुगू येते, मराठी मोजकीच. आज सकाळी, मी स्टेशनावर असताना, नांदेड, सौदामिनी, एवढे बोलून त्याने गाठोडे ओट्यावर ठेवले आणि गेला.

आईने गाठ सोडली. तुझे लुगडे, हळद, तांदूळ. तू नाहीस. लेकीचे लुगडे एकटे घरी येते ते कशासाठी, ते मी लिहीत नाही. महादेवी सांगतात, ती रडली नाही. लुगडे काखेत मारले, डिंकाचा डबा घेतला, किल्ली त्यांच्या हातात दिली आणि चालू लागली. वहाणा ओट्यावरच आहेत. कुणी म्हणते मोटारीत बसली, कुणी म्हणते मालाच्या लॉरीत, कुणी पायी जाताना पाहिली. आई कुठे आहे आणि तू कुठे आहेस, मला एकीचाही पत्ता नाही. मी आता निलंग्याच्या रस्त्याला पाहून येतो, तिकडे ती जाणार नाही हे माहीत असून.

दादा


॥ श्री ॥
नांदेड, माघ व. १४

तीर्थरूप दादास शि. सा. नमस्कार, वि. वि.

तार मिळालीच असेल. आई इथं आहे. मी धडधाकट आहे. आता सगळं सांगते.

मंगळवारी आम्ही निघालोच होतो. आम्हाला स्टेशनावर सोडायला आप्पासाहेब मोटार घेऊन आले, ती दारापर्यंत स्वतःच्या पायांनी आली, आणि त्या आनंदात त्यांनी मोठ्यानं विचारलं की कुठं निघालात? उंबऱ्यात पाय असताना कुठं म्हणून विचारलं. सासूबाई मटकन खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांपुढं प्रेमलावहिनी होत्या, मला दिसत होतं. मी पाय मागं घेतला. गाडी गेली, तुला तार करायचंही कुणाला सुचलं नाही. त्या रात्री मी भिंतीकडे तोंड करून पडले आणि ठरवलं की आता आई दिसायची नाही.

परवा, गुरुवारी, दारात एक बाई उभी. पायांत वहाणा नाहीत, केसांत कोळशाची पूड, काखेत माझं हिरवं लुगडं. मला पाहून तिनं आधी माझ्या पोटाला हात लावला, मग तोंडाला, मग तिथंच पायरीवर बसून ती रडायला लागली. मीही बसले. किती वेळ ते कुणी मोजलं नाही.

सासूबाई बाहेर आल्या. त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं की विहीणबाई, कोणत्या वारी निघालात? आई म्हणाली, बुधवारी. लातुराहून नांदेड म्हणजे उत्तर, बुधवारी उत्तरेला दिशाशूल, वर तो जाशील बुधीचा वार. सासूबाई आत गेल्या, पाण्याची बादली घेऊन आल्या आणि वाकून त्यांनी स्वतःच्या हातांनी आईचे पाय धुतले. बुधवारी निघालेलं माणूस या घरात पोचलं, असं त्या पुटपुटत होत्या आणि त्यांचेही डोळे वाहत होते.

संध्याकाळी मामंजी आणि हे दोघं आईपुढं बसले, कशानं आलात ते विचारायला. कोणाचा पक्ष जिंकला ते त्यांना हवं होतं. आईला सांगता आलं नाही. म्हणाली, एक धूर ओकणारं होतं, ते बसलं. मग बैलगाडी होती. मग आणखी काहीतरी होतं, त्याला छप्पर नव्हतं. जे समोर आलं त्यात बसले, बैल होते का नव्हते ते बघितलं नाही.

आज शिवरात्र, मला आठवा लागला. आता मी शीव ओलांडायची नाही आणि आई तर ओलांडून आली आहे. ती इथंच राहणार. सासूबाईंनी माजघरातली खोली तिला दिली आणि तिनं येताक्षणी चुना मागवला. काल दुपारी तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी झोपले, किती दिवसांनी.

आईच्या वहाणा आणि बाळंतशेपा घेऊन तू ये. पण दादा, कशानं येतोस, कोणत्या वारी येतोस, ते मात्र कळवू नकोस. नुसता ये.

तुझी,
सौदामिनी