नाव माझं, काम तुझं

मलकापूर

संयोगितास दादाचा आशीर्वाद.

तुमच्या गोठ्यातलं कडबाकुट्टीचं यंत्र, शाळेचं सरकतं फाटक, उसाच्या ट्रॉलीची तेरा फुटी शिडी. सगळं मी कुणाकडं न शिकता स्वतःच्या हातानं केलं. कर्ज फिटेना म्हणून कोर्टात केलेला नादारीचा अर्जही वकिलाआधी मीच तीनदा वाचला.

नादार ठरल्यापासून वसुलीवाले दारात येत नाहीत, पण अटी आहेत. पन्नास रुपयांची उधारी घ्यायची तरी आधी सांगायचं, मी नादार आहे. परवा साठ रुपयांचे बोल्ट उधारीवर घेताना दुकानदार आप्पासोंना तसं सांगितलं. ते हसले, "आवं मिस्त्री, साठ रुपड्यांसाठी कोर्ट काढताय व्हय?" मी हसलो नाही.

कोर्ट मला यातून मोकळं करेपर्यंत माझ्या नावावर जे येईल ते देणेकऱ्यांसाठी कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरकडं जातं. म्हणून तर भाऊबीजेला तू म्हणालीस, "दादा, तुझ्या कामाची नवी शेड माझ्या नावावर घालू. नाव माझं, काम तुझं. कुणाला कळतंय?"

मी न जेवता उठलो. तुला तो गर्व वाटला. थोडा होताच. पण कोर्टात शपथेवर मला खोटं बोलावं लागलं असतं, आणि तेच तुझ्याही तोंडी घालावं लागलं असतं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. आता तू फोन उचलत नाहीस, आणि हे पत्र टाकायचा मला धीर होत नाही.

ओवाळणी भावानं घालायची असते. मी ताटात एकावन्न रुपये घातले. तू शेडसाठी सोनं गहाण टाकून आणलेले तीन लाख ऐंशी हजार त्याच ताटात ठेवून माझ्यापुढं सरकवलेस. ते मी घेतले नाहीत.

जोतिबादादा