हिरवाच राहिलेला सिग्नल

बेंगळूर,
बुधवार, १७ ऑगस्ट १९९४

चि. रूपश्रीस,

पत्र पोचलं. पाय सुजलेत म्हणतेस, तर लोणच्याची बरणी आईला माळ्यावर ठेवायला सांग. मुग्धा शाळा बुडवून आजोळी लाडावतेय, ते दिसतंच आहे. इकडं पाऊस. पद्माकरचा ताप उतरला. कामावरून घरी बसवलंय, ते त्यानं कळवलंच असेल.

चुगली कुणी केली, विचारतेस. आधी ऐक.

तुझ्या नवऱ्यानंच मला शिकवलं होतं, रुळांतून थोडी वीज सोडलेली असते. गाडीची चाकं रुळांवर आली की ती चाकांतूनच परत फिरते आणि मागचा सिग्नल आपोआप तांबडा होतो. पावसात गाडी नसतानाही तांबडा पडतो. मग गाड्या अडकतात, साहेब ओरडतात, आणि हा शहाणा सिग्नलच्या पेटीत तारेचा तुकडा अडकवून सिग्नल हिरवा धरून ठेवतो. "स्वल्प वेळच गं आई," म्हणायचा.

गेल्या गुरुवारी सकाळी तापात बरळायला लागला, "तार काढली का? तार?" पाळण्याची लोखंडी साखळी घेतली आणि क्वार्टरमागच्या लाइनीवर गेले. सिग्नलच्या पुढं दहा पावलांवर दोन्ही रुळांवर आडवी टाकली, चाकांसारखी वीज साखळीतून फिरली तर तांबडा पडायला हवा, म्हणून मागं येऊन वर बघितलं. हिरवा. गंज असेल म्हणून दगडानं घासून पुन्हा टाकली. हिरवाच. आणि वळणापलीकडं त्याच रुळावर मालगाडी उभी.

साखळी उचलून फाटकापर्यंत कशी गेले, आठवत नाही. तारेचं आणि मालगाडीचं सांगितल्यावर फाटकवाला रघुपती म्हणाला, "अज्जी, एक्सप्रेस मागच्या स्टेशनातून सुटली. आणि साहेब विचारणार, तार कुणाची?"

"माझ्या पोराची. तू पळ."

तो तांबडं निशाण घेऊन पळाला, चाकाखाली फुटून ड्रायव्हरला थांबायला सांगणारे फटाके रुळावर लावले. तीन फुटले. गाडी म्हणजे बैल नव्हे, वेसण ओढली की थांबायला. ब्रेक लागूनही किंचाळत येतच राहिली. खिडक्यांतली तोंडं माझ्यासमोरून गेली, एक बाई केस विंचरत होती. मालगाडीच्या शेवटच्या डब्यापासून चार खांबांवर थांबली. माझं लुगडं ओलं झालं होतं, ते पावसानं नव्हे.

पद्माकरला वाटतं, रघुपतीनं चुगली केली. साहेबांना तार कुणाची ते मीच सांगितलं, रघुपती माझ्यासाठी गप्प आहे. परवा चौकशी. काल जेवताना पद्माकर म्हणाला, "आई, तू सांग, पेटीची किल्ली रघुपतीकडं होती."

"होती का?"

"तू सांग फक्त."

मी त्याच्या ताटात आमटी वाढली.

मी खरं तेच सांगणार. नोकरी गेली तर क्वार्टर जाईल, तू तान्ह्याला घेऊन कुठं येशील, याची भीती आहेच. पण एक्सप्रेस किती अंतरावर थांबली, हे त्यानं अजून एकदाही विचारलं नाही. मला त्याचीच भीती वाटते, रूपश्री. माझ्याच पोराची.

त्याच्या तोंडून कळण्याआधी माझ्या हातून कळावं म्हणून लिहिलं. आशीर्वाद आहेत. घ्यायचे की नाही, ते बाळंत झाल्यावर ठरव.

मालन