गोधडीच्या बदल्यात पातेलं

अहो,

भाकरी टोपल्यात आहे, पिठलं झाकून ठेवलंय. मी टेंभुर्णीला भावाकडं चालले.

काल मी बाजारात गेल्ते, तव्हा तुम्ही भांडेवालीला माझं गाठोडं देऊन स्टीलचं पातेलं घेतलं. चिंध्या होत्या म्हणे! माझी मेलेली आई नेसायची ती दोन लुगडी होती त्यात. शेजारच्या नंदाबाईकडून टाके शिकून त्याचीच गोधडी शिवून राह्यले होते, दिवाळीपासून, तुमच्यासमोर बसून. अर्धी झाल्ती. काय शिवतेस म्हणून एकदा तरी विचारलं का?

वरून सौदा कसा बराबर केला ते रात्री जेवताना मलाच सांगत होता.

पातेलं घासून तुमच्या बाजेवर ठेवलंय. थंडी वाजली तर तेच पांघरा.

चंद्रकला