हँडलला टांगलेला पुठ्ठा

रविवार, संध्याकाळ. हुडको वसाहत.

मोटारसायकल आज घरी आली नाही. बरंच झालं.

पुढचं चाक खडीवर घसरतं म्हणून जाड टायर घेतलं होतं. ते जुन्या शॉकरांमध्ये मावेना, तेव्हा मरोद्याच्या शेंडेजींना रुंद शॉकर बसवायला सांगितले. पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झालेले फिटर. दुपारी गेलो तर गाडी तयार दिसली, फक्त हँडलला पुठ्ठा टांगलेला: ‘चालू करू नये’. उद्या बायकोला घेऊन राजनांदगावला जायचं होतं. मी पुठ्ठा काढायला हात घातला.

“राहू द्या भाऊ! ज्यानं लावला त्यानंच काढाचा. प्लांटचा नियम हाय.”

“इथे कुठला आला प्लांट?” चिडलोच मी. तीस वर्षं वर्तमानपत्राचं पान वेळेवर छपाईला सोडलेला माणूस, कुणी अडवलेलं खपत नाही.

त्यांनी हँडल पूर्ण डावीकडे वळवलं. ब्रेकचा पाइप तारेसारखा ताणला. शॉकर रुंद झाले, पण पाइप जुनाच, आखूड.

“पाह्यलं? एखाद्या वळणावर तुटला असता.”

आणि मी काय विचारावं? “मग कधी होईल?” आभाराचा एक शब्द नाही. राजनांदगावहून परतल्यावर आधी आभार मानायचे, मग गाडीचं विचारायचं. तो पुठ्ठा मी खरंच काढला असता का? हो, काढला असता.

शेंडेजी हसले. “होईल तवा होईल. मांगं वैनी बसते न तुमच्या?”

बसते. आत्ता आतून विचारते आहे, उद्या बस किती वाजता.